परिचारिका : ताळेबंदात न मावणारी ठेव



वार्षिक अहवालाची बहुतेक पाने आकड्यांची असतात. किती रुग्ण आले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती देणगी जमा झाली आणि ती कोठे खर्च पडली, हे सांगणे प्रशासनाचे कर्तव्यच आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर. आयुष्य जमाखर्चाच्या वह्यांत गेले. तरीही दरवर्षी ताळेबंदावर सही करताना एक गोष्ट मनाला टोचते. इमारत, क्ष-किरण यंत्र, रुग्णवाहिका या गोष्टी मालमत्तेच्या बाजूला मानाने बसतात. परिचारिका मात्र खर्चाच्या बाजूला, 'वेतन व भत्ते' या एका ओळीत येते. यंत्राला दरवर्षी घसारा लागतो आणि काही वर्षांनी ते मोडीत निघते. अनुभवी परिचारिकेचे मोल दरवर्षी वाढते, पण ते लिहिण्यासाठी हिशेबशास्त्राने रकाना ठेवलेला नाही.

या ठेवीचे मोल काय असते, हे एका सत्य घटनेच्या आधारे आपल्यापुढे मांडावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे. घटना आपल्या राज्यातील, मुंबईच्या एका शासकीय रुग्णालयातील आहे. तिचा पूर्वार्ध वॉर्डात घडला आणि उत्तरार्ध रुग्णालयाच्या भिंतींबाहेर. पूर्वार्ध अनेकांना ठाऊक आहे. उत्तरार्धाकडे आपले लक्ष कमी गेले आहे.

कामा रुग्णालयातील ती रात्र

मुंबईतील कामा आणि आल्ब्लेस रुग्णालय हे स्त्रिया व बालकांसाठीचे जुने रुग्णालय. पारशी दानशूर पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून १८८६ साली ते उभे राहिले. त्या काळी पुरुष डॉक्टरकडे जाण्यास संकोचणाऱ्या हजारो स्त्रियांसाठी हे दान म्हणजे जीवदानच होते. एका दात्याच्या औदार्याने उभ्या राहिलेल्या या वास्तूत सुमारे सव्वाशे वर्षांनंतर एका परिचारिकेच्या धैर्याची कसोटी लागली.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री श्रीमती अंजली कुलथे या प्रसूतिपूर्व वॉर्डात रात्रपाळीवर होत्या. त्यांच्या देखरेखीखाली वीस गर्भवती स्त्रिया होत्या. जवळच असलेल्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन दहशतवाद्यांनी बेछूट गोळीबार करून अनेक प्रवाशांचे प्राण घेतले होते. तेथून निघून ते दोघे रुग्णालयाच्या मागील गल्लीत शिरले. गोळ्यांचे आवाज जवळ येऊ लागले, तेव्हा श्रीमती कुलथे यांनी खिडकीतून पाहिले. दोन बंदूकधारी फाटकावरून उडी टाकून आवारात शिरत होते. प्रवेशद्वाराजवळच्या दोन कर्मचाऱ्यांना त्यांनी जागीच ठार केले. खिडकीच्या दिशेने आलेल्या गोळीने वॉर्डातील एक सहकारी महिला कर्मचारी जखमी झाली.

यानंतर श्रीमती कुलथे यांनी जे केले, ते क्रमाने पाहण्यासारखे आहे. त्यांनी जखमी सहकारी स्त्रीला उपचारासाठी पोहोचविले. परत येऊन वॉर्डाचे जड दरवाजे बंद केले. डॉक्टरांना कळविले. मग वीसही स्त्रियांना खाटांवरून उठवून वॉर्डाच्या टोकाला असलेल्या लहानशा पॅन्ट्रीत हलविले आणि दिवे मालविले. वर इमारतीत गोळीबार आणि हातबॉम्बचे स्फोट चालू होते. पोलीस अधिकारी श्री. सदानंद दाते आणि त्यांचे सहकारी अपुऱ्या शस्त्रांनिशी दहशतवाद्यांशी लढत होते. त्यात काही पोलिसांना वीरमरण आले आणि श्री. दाते स्वतः जखमी झाले. रुग्णालयालगतच्याच गल्लीत थोड्या वेळाने हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तीन अधिकारी धारातीर्थी पडले.

पॅन्ट्रीत दाटीवाटीने बसलेल्या त्या स्त्रियांपैकी एकीला याच वेळी प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या. तिला रक्तदाबाचा त्रास होता. अशा रुग्णास वाट पाहावयास लावणे म्हणजे आई व बाळ या दोघांचाही जीव धोक्यात घालणे, हे कोणत्याही प्रशिक्षित परिचारिकेस सांगावे लागत नाही. त्या परिस्थितीत डॉक्टर खाली येऊ शकत नव्हते. श्रीमती कुलथे त्या स्त्रीला हाताला धरून बाहेर पडल्या. अंधारात, भिंतीच्या कडेकडेने, जिन्याने त्यांनी तिला प्रसूतिकक्षापर्यंत नेले. तेथे तिची सुखरूप प्रसूती झाली. तिला पोहोचवून त्या पुन्हा आपल्या इतर रुग्णांकडे परतल्या. सकाळपर्यंत त्यांच्या वॉर्डातील वीसही स्त्रिया सुरक्षित राहिल्या.

हे धैर्य आले कोठून?

अशा प्रसंगांचे वर्णन करताना आपण 'दैवी', 'अलौकिक' असे शब्द सहज वापरतो. ते आदरापोटी येतात, पण एका अर्थाने सोयीचेही ठरतात. धैर्य अलौकिक ठरले, की ते सामान्य माणसाच्या आणि सामान्य संस्थेच्या आवाक्याबाहेरचे ठरते आणि आपण काही शिकावयाचे उरत नाही. म्हणून या धैर्याची जडणघडण जरा बारकाईने पाहणे उचित होईल.

पहिली गोष्ट मोजदादीची. प्रत्येक पाळीच्या प्रारंभी परिचारिका मागील पाळीकडून वॉर्ड 'ताब्यात' घेते. किती रुग्ण, कोणाला काय झाले आहे, कोणाचा रक्तदाब वाढलेला, कोणाचे दिवस भरलेले, हे सारे ती खाटेगणिक समजून घेते. बाहेरच्या माणसास हा नित्याचा उपचार वाटतो. पण संकटाच्या क्षणी 'माझ्याकडे वीस जणी आहेत आणि त्यातली ही एक जोखमीची आहे' हे ज्ञान हाताशी असते, ते याच नित्यक्रमामुळे. ज्याला आपण जबाबदार आहोत त्याची संख्या ठाऊक असणे, ही हिशेबनिसाच्या भाषेत बोलायचे तर शिल्लक रक्कम ठाऊक असण्यासारखी गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट क्रमाची. परिचर्येच्या शिक्षणात एक शिस्त अंगी बाणविली जाते : आधी कोणाला, नंतर कोणाला. अपघात विभागात एकाच वेळी पाच रुग्ण आले तर जो सर्वांत मोठ्याने ओरडतो त्याच्याकडे प्रथम धावायचे नसते. ज्याचा श्वास अडला आहे त्याच्याकडे धावायचे असते. जखमी सहकारी, मग दरवाजे, मग निरोप, मग रुग्णांचे स्थलांतर, मग दिवे, हा त्या रात्रीचा क्रम त्या शिस्तीतूनच आला.

तिसरी गोष्ट करुणेची. करुणा म्हणजे केवळ मृदू बोलणे, असा आपला समज असतो. परंतु परिचारिकेची करुणा रोजच्या कष्टांतून तयार होते. ती रुग्णाची बेडपॅन बदलते, वेदनेच्या भरात त्याने उच्चारलेले कडू शब्द ऐकून घेते, मध्यरात्री त्याची ओली चादर काढून कोरडी घालते. दुसऱ्याच्या देहाची काळजी वर्षानुवर्षे अशी वाहिल्यावर त्या देहावर संकट आले असता त्याला सोडून पळणे मनाला शिवत नाही. त्या रात्रीचे धैर्य हे या रोजच्या करुणेचेच दुसरे रूप होते.

श्रीमती कुलथे यांनी स्वतःही पुढे सांगितले, की अंगावरील परिचारिकेच्या गणवेशाने त्यांना बळ दिले आणि परिचर्येवरील निष्ठेमुळे विचार स्थिर राहिले. गणवेश हे कापडच असते. पण तो अंगावर आहे तोवर समोरचा माणूस आपल्यावर विसंबला आहे, ही जाणीव त्या कापडात विणलेली असते.

उत्तरार्ध : रुग्णालयाच्या भिंतींबाहेर

ती रात्र संपली. वॉर्ड पुन्हा सुरू झाला. एखाद्या कथेचा शेवट येथेच झाला असता. परंतु अशा रात्रीनंतर माणूस पूर्ववत होत नाही. श्रीमती कुलथे यांना त्यानंतर झोप येईना. त्या प्रसंगाची छाया दीर्घकाळ त्यांच्या मनावर राहिली. अशा अवस्थेतच त्यांच्यापुढे दुसरा प्रश्न उभा ठाकला. जिवंत पकडल्या गेलेल्या अजमल कसाब या दहशतवाद्याची ओळख पटविण्यास त्या तयार आहेत काय?

वॉर्डात त्यांच्यापुढे निवड करण्यास वेळ नव्हता. कर्तव्य समोर होते. येथे विचार करावयास भरपूर वेळ होता, आणि भय हे वेळ मिळाला की वाढते. घरच्या मंडळींना चिंता वाटणे स्वाभाविक होते. साक्ष दिल्याने आपणास व कुटुंबीयांस काही अपाय होईल काय, ही शंका कोणाही गृहस्थाश्रमी माणसाच्या मनात येईल. साक्ष न देण्याबद्दल त्यांना कोणी दोषही दिला नसता. शिवाय रुग्णांचे प्राण तर वाचलेच होते. साक्ष देणे हे परिचारिकेच्या नेमणूकपत्रात लिहिलेले काम नव्हते.

तरीही त्यांनी होकार दिला. आर्थर रोड तुरुंगात जाऊन त्यांनी कसाबला ओळखले. पुढे विशेष न्यायालयात साक्षीदार म्हणून त्या उभ्या राहिल्या, आणि तेथेही त्यांनी परिचारिकेचा गणवेश परिधान केला होता. आपल्या दृष्टीने ही बाब अत्यंत अर्थपूर्ण आहे. जी व्यक्ती वॉर्डात रुग्णांसाठी उभी होती, तीच न्यायालयात मृतांसाठी व जखमींसाठी उभी आहे, असेच जणू तो पोशाख सांगत होता. प्रवेशद्वाराशी मारले गेलेले रुग्णालयाचे कर्मचारी स्वतःची कैफियत मांडू शकत नव्हते. ती मांडणे हीही एक शुश्रूषाच होती.

न्यायप्रक्रिया रीतसर पार पडली. विशेष न्यायाधीश श्री. एम. एल. तहलियानी यांनी ६ मे २०१० रोजी कसाबला देहान्त शासन सुनावले. उच्च न्यायालयाने २०११ मध्ये व सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ते कायम केले, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात त्याची अंमलबजावणी झाली. कसाबच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेशही नव्हता, हे श्रीमती कुलथे यांनी पुढे जाहीरपणे सांगितले.

त्यानंतर दहा वर्षांनी, १५ डिसेंबर २०२२ रोजी, संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेत दहशतवादाच्या प्रश्नावर चर्चा झाली. त्या महिन्यात परिषदेचे अध्यक्षपद भारताकडे होते आणि परराष्ट्रमंत्री श्री. एस. जयशंकर अध्यक्षस्थानी होते. या सभेपुढे श्रीमती कुलथे यांनी दूरदृश्य माध्यमातून निवेदन केले. मोठमोठ्या राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी एका परिचारिकेकडून त्या रात्रीचा वृत्तान्त ऐकला. हल्ल्यामागील सूत्रधार अद्याप मोकळे आहेत आणि बळी पडलेल्यांच्या कुटुंबांना पूर्ण न्याय मिळालेला नाही, हे त्यांनी तेथे स्पष्ट शब्दांत मांडले.

दरवाजा बंद करणारे धैर्य आणि साक्षीसाठी दार उघडून बाहेर पडणारे धैर्य, यांत दुसरे अधिक कठीण, असे आम्हांस नम्रपणे वाटते. पहिले काही तासांचे होते. दुसरे चौदा वर्षे टिकले.

ही परंपरा जुनी आहे

रुग्णालयाची चौकट ओलांडून जाणारी सेवा आपल्या महाराष्ट्रास नवी नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा सावित्रीबाई फुले यांनी डॉक्टर झालेले आपले पुत्र यशवंत यांच्यासह हडपसरजवळ रुग्णांसाठी दवाखाना चालविला. लोक प्लेगच्या रुग्णाजवळ जाण्यास धजत नव्हते. मुंढव्याच्या एका मुलास सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. तो संसर्ग त्यांनाही झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांनी परिचर्येचे प्रमाणपत्र घेतलेले नव्हते. पण परिचर्येचा अर्थ त्यांच्याइतका कोणास उमगला असेल?

अलीकडची उदाहरणेही हृदय हेलावणारी आहेत. डिसेंबर २०११ मध्ये कोलकात्यातील एका मोठ्या रुग्णालयास आग लागली, तेव्हा केरळच्या दोन तरुण परिचारिकांनी आपल्या वॉर्डातील आठ रुग्णांना बाहेर काढले आणि उरलेल्या रुग्णासाठी पुन्हा धुरात शिरल्यावर त्या परतल्या नाहीत. मे २०१८ मध्ये केरळातील पेरांब्रा येथील परिचारिका लिनी यांनी निपाह रोगाच्या रुग्णाची शुश्रूषा करताना देह ठेवला.

आधुनिक परिचर्येच्या जननी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याविषयीही एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात त्या हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांमध्ये फिरल्या, हे सर्वश्रुत आहे. पण युद्धानंतर त्यांनी मृत्यूंचे आकडे जमविले, तक्ते मांडले आणि जखमांपेक्षा अस्वच्छतेतून उद्भवलेल्या रोगांनीच अधिक सैनिक दगावले, हे शासनास पटवून दिले. त्याही वॉर्डाबाहेर पडल्या आणि त्यांनीही एक प्रकारे साक्षच दिली. हिशेबाच्या वहीतही करुणा असू शकते, हा दिलासा आमच्यासारख्या कारकुनी पेशातील माणसास त्यांच्याकडून मिळतो.

आपल्या परिसरातील अनाम सेविका

मुंबईच्या एका रात्रीची दखल साऱ्या जगाने घेतली. आपल्या पालघर जिल्ह्यात मात्र रुग्णालयाबाहेरची ही सेवा दररोज, कोणाच्याही नजरेस न येता चाललेली असते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा म्हणजे एकाच नकाशातील तीन प्रदेश आहेत. किनाऱ्यावर मच्छीमारांची गावे व तारापूरचे अणुविद्युत केंद्र. मध्ये रेल्वेमार्गालगत पालघर-बोईसरची वाढती शहरे व तारापूरची औद्योगिक वसाहत. आणि पूर्वेस जव्हार, मोखाडा, विक्रमगडचे डोंगरी पाडे.

या पाड्यांवर जाणारी आरोग्यसेविका, जिला गावकरी 'नर्सबाई' म्हणतात, लशींची शीतपेटी खांद्याला अडकवून ओहोळ ओलांडते. दिवाळीनंतर कातकरी, वारली कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात, तेव्हा अर्धवट राहिलेल्या डोसांचा माग काढीत ती भट्टीपर्यंत पोहोचते. रस्ता नसलेल्या पाड्यावरून पावसाळ्यात गर्भवतीला डोलीतून आणावे लागते, तेव्हा डोलीबरोबर चिखल तुडवीत चालणारी बहुधा तीच किंवा गावची आशाताई असते. आधी भगताकडे नेलेल्या तापाच्या मुलास रुग्णालयात हलविण्यासाठी घरातील वडीलधाऱ्यांची समजूत घालणे, यास लागणारे धैर्य बंदुकीपुढच्या धैर्याहून वेगळ्या जातीचे असले तरी कमी प्रतीचे नाही. ते रागावण्याने साधत नाही. त्यासाठी उंबऱ्यावर बसून राहण्याची चिकाटी लागते.

पाम, टेंभी, कोलवडे, कुंभवली, सरावली अशा औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या गावांतील मंडळींना आणखी एका संकटाची जाण आहे. ११ जानेवारी २०२० च्या सायंकाळी तारापूर औद्योगिक क्षेत्रातील एका रसायन कारखान्यात झालेल्या स्फोटाचा आवाज कित्येक किलोमीटरपर्यंत ऐकू गेला आणि अनेकांचे प्राण गेले. अशा दुर्घटनेनंतर भाजलेला कामगार जेथे प्रथम पोहोचतो, तेथे दारात उभी असते ती परिचारिकाच. त्याच्या जखमेवर हात ठेवण्याआधी ती त्याला नाव विचारते. भाजलेल्या माणसास स्वतःचे नाव कोणी विचारले, की आपण अजून माणसांत आहोत असे वाटते, हे ती अनुभवाने शिकलेली असते.

केवळ धैर्यावर विसंबणे योग्य आहे काय?

येथवर आपण परिचारिकांच्या धैर्याचे गुणगान केले. परंतु हा लेख येथेच थांबविला, तर तो केवळ सत्काराचे भाषण ठरेल. संस्थेचे प्रशासक या नात्याने प्रश्न असा विचारावयास हवा, की परिचारिकेवर प्राण पणाला लावण्याची वेळ येऊ नये यासाठी आपण काय केले?

२०२१ या एकाच वर्षी आपल्या राज्याने रुग्णालयांतील आगी पाहिल्या. ९ जानेवारी रोजी भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली. सतरा बालकांपैकी सात वाचली, दहा दगावली. २३ एप्रिल रोजी आपल्याच जिल्ह्यात, विरार येथील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागास आग लागून करोनाचे रुग्ण मृत्युमुखी पडले. अशा वेळी कर्मचाऱ्यांचे शौर्य कितीही थोर असले, तरी धूर भरलेल्या खोलीत ते काही मिनिटेच पुरते. त्यानंतर उपयोगी पडते ते उघडणारे दार, चालू असलेले अग्निशामक यंत्र आणि पूर्वी केलेला सराव. औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांत धोक्याचा भोंगा वाजवून सराव घेतले जातात. रुग्णालयांतही ते तितक्याच गांभीर्याने व्हावयास हवेत.

परिचारिकेची स्वतःची सुरक्षितता हा दुसरा भाग. अरुणा शानभाग या मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयाच्याच आवारात तेथील एका कर्मचाऱ्याने अमानुष हल्ला केला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या बेशुद्धावस्थेसारख्या स्थितीत त्याच रुग्णालयात होत्या. परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी सुमारे बेचाळीस वर्षे त्यांची शुश्रूषा केली. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या आपल्या निकालात या सेवेचा गौरव केला. या एका घटनेत परिचारिकांची करुणा आणि त्यांची असुरक्षितता, दोन्ही एकत्र दिसतात. गौरव करताना दुसरी बाजू विसरून चालणार नाही.

महाराष्ट्रात २०१० साली वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती व संस्था यांच्यावरील हिंसाचारास प्रतिबंध करणारा कायदा झाला. तो आवश्यक होता. परंतु रुग्णाचा मृत्यू झाल्यावर संतप्त आप्तांच्या गराड्यात प्रथम सापडते ती परिचारिकाच, आणि त्या क्षणी तिच्यापाशी कायद्याचे पुस्तक नसते. रुग्णांच्या आप्तस्वकीयांस या अहवालाच्या निमित्ताने हात जोडून विनंती करावीशी वाटते. आपले दुःख आम्ही जाणतो. शंका असल्यास प्रशासनाकडे यावे, जाब विचारावा, कागदपत्रे मागावीत. तो आपला हक्क आहे. परंतु रात्रभर आपल्या माणसाच्या उशाशी उभी असलेल्या मुलीवर हात उगारू नये.

विनम्र निवेदन

वरील विवेचनातून काही साध्या गोष्टी सुचतात. त्या विश्वस्त मंडळापुढे व देणगीदारांपुढे ठेवीत आहे.

एक, प्रत्येक पाळीत पुरेशा परिचारिका असणे. वीस रुग्णांमागे एकटी परिचारिका ही गौरवाची बाब नसून उणिवेची बाब आहे. त्या रात्री कामा रुग्णालयात जे साधले ते एका असामान्य व्यक्तीमुळे. प्रत्येक रात्रीसाठी असामान्य व्यक्तीची अपेक्षा धरणे न्याय्य नाही.

दोन, प्रत्येक वॉर्डाचे दार आतून बंद होते काय आणि संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग मोकळा आहे काय, याची नियमित तपासणी. तसेच रात्रपाळीसह सर्व पाळ्यांचा आपत्कालीन सराव. सराव बहुधा दिवसा होतात आणि संकटे बहुधा रात्री येतात.

तीन, परिचारिकांसाठी उजेडाची, आतून कडी असलेली कपडे बदलण्याची खोली, निवासाची सोय आणि रात्री घरी पोहोचविणारे वाहन. बोईसर वा पालघर स्थानकावर उशिरा उतरून औद्योगिक वसाहतीतील निर्जन रस्त्याने एकटीने जाणे, हे धाडस त्यांच्या वाट्यास येऊ नये.

चार, भीषण प्रसंगातून गेलेल्या परिचारिकेस विश्रांती व समुपदेशन. जखमेस मलमपट्टी करणाऱ्यांच्या मनासही जखम होते, हे आपण फार उशिरा ओळखले.

पाच, शिक्षणास साहाय्य. आपल्या जिल्ह्यातील आदिवासी व मच्छीमार घरांतील मुली परिचर्येचे शिक्षण घेऊन आपल्याच भागात काम करू लागल्या, तर रुग्णाची बोली समजणारे माणूस खाटेशी उभे राहील. औषध वेळेवर घेतले जाण्यास त्याचा मोठा उपयोग होतो.

यंत्रासाठी देणगी दिली, तर यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, आणि अशा देणग्यांचे आम्ही सदैव ऋणी आहोत. परिचारिकेच्या निवासासाठी, शिक्षणासाठी वा वाहनासाठी दिलेल्या देणगीची पाटी कोठे लावावी, हा प्रश्न खराच आहे. त्यावर आमचे उत्तर एवढेच : मध्यरात्री वॉर्डात जी परिचारिका न घाबरता, न थकता रुग्णाजवळ उभी असते, तिच्या तेथे असण्यात आपले नाव लिहिलेले असते. पेस्तनजी कामा यांनी १८८६ साली इमारत दिली. त्या इमारतीचा दरवाजा २००८ साली आतून बंद करणारे हात मिळाले, तेव्हा ते दान पूर्ण झाले.

पुढील वर्षीही ताळेबंदात परिचारिका खर्चाच्याच बाजूला दिसेल. हिशेबाचे नियम आम्हांस बदलता येणार नाहीत. मात्र तो रकाना वाचताना आपण क्षणभर थांबावे आणि त्यात संस्थेची सर्वांत मोठी ठेव आहे हे ओळखावे, एवढीच प्रार्थना.



— प्रशासकीय अधिकारी